सोशिकांचं नेट

"माझ्या डोळ्यांदेखत नेट थांबलं ना, तर चारचौघांत कान धरून उठाबशा काढीन. तुम्ही म्हणाल तितक्या."

मुरलीधर बोराडे हे बोलला आणि गुलाबराव कोठुळेंनी चहाचा कप पार्किंगच्या कट्ट्यावर आपटला. कोठुळे म्हणजे रिटायर्ड कंडक्टर. सुट्ट्या पैशांवरून जन्मभर भांडलेला माणूस. आता जगातून सुटे पैसेच गेले, तर हा गृहस्थ भांडायला रोज नवं कारण शोधायचा आणि रोज त्याला सापडायचंही.

"आणि नाही थांबलं तर?"

"तर पुढच्या लग्नात तुम्ही मांडवाच्या दारात उभं राहायचं. फेटा बांधून. येईल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडायचं आणि गोड हसून म्हणायचं, या, बसा."

"पुढचं लग्न? वहिनींना सांगितलंस का?"

कट्टा हसला. मुरलीचा मांडव आणि साउंडचा धंदा होता, पण सातपूरच्या त्या सोसायटीत त्याला ओळखत होते ते त्याच्या उचापतींमुळे. कुणाच्या बेलला गाढवाचा आवाज लाव, कुणाच्या वॉशिंग मशीनला "आधी खिसे तपासा, मालक" असं बोलायला शिकव. पन्नाशी उलटली तरी हात शिवशिवायचे.

पैज ठरली. मुदत एक महिना. दुसऱ्या कुणी येऊन सांगितलेलं चालणार नाही, नेट थांबताना मुरलीनं स्वतः बघितलं पाहिजे, ही अट कोठुळेंचीच. कंडक्टर माणूस, डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिकीट फाडत नाही.

हे चाललं असताना मुरलीची बायको हेमलता जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ऐकून ती वर निघून गेली. तसंही ती फारसं बोलायचीच नाही.

हेमा पेटी शिकवायची. शिकणारी मुलं दुबईत, डब्लिनमध्ये, एक तर थेट न्यूझीलंडमध्ये. आठवड्यातून तीन वर्ग, सगळे नेटवरून. आणि नेमके तिचेच वर्ग मधेच गोठायचे. पोराचा हात हवेत, तोंड उघडं, सूर अर्धा. हेमा शांतपणे वाट बघत बसायची.

आता वाट बघून भागणार नव्हतं. खोट्या शिकवण्यांचा सुळसुळाट झाला म्हणून नेटवर देखरेख ठेवणाऱ्या जोडणी आयोगानं नवा नियम आणला होता: तीन महिन्यांत तीनदा वर्ग मधेच तुटला, की शिकवणाऱ्याची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. नुसतं अडखळणं धरत नसत, जोडणी पूर्ण गेली तरच मोजत. तसा हेमाचा वर्ग दोनदा तुटला होता. तिसऱ्यांदा तुटला की बारा वर्षांत जमवलेली पोरं पांगणार.

मुरलीला हे माहीत होतं. पण तो घरी असताना नेट कधी थांबलंच नव्हतं, त्याला तो काय करणार? तीन जिने चढून, धापा टाकत, कुणाची तरी टिंगल करत तो घरात शिरला, की "झुळूक" कंपनीचा तो नेटचा पांढरा डबा हिरवागार. व्हिडिओ कसा, पाण्यासारखा. म्हणून तर त्यानं छातीठोकपणे पैज लावली होती.

"तुझा फोनच जुना झालाय," तो म्हणाला.

हेमानं नवा फोन घेतला. तरी वर्गात अडखळणं चालूच. मुरली दुकानात गेला की नेट मान टाकायचं, आला की उठून बसायचं.

चौथ्या दिवशी तिनं जेवताना विचारलं, "अहो, तुम्ही काही करताय का?"

"मी? काय?"

"पैज जिंकायला. तुम्ही असलात की चालतं, गेलात की बंद. मी काही लहान नाहीये."

"अगं, मी कशाला तुझ्या वर्गात खोडा घालीन?"

"माझ्या पेटीच्या भात्यात पावडर कुणी भरली होती?"

"ते पहिल्या एप्रिलला. आणि पाहुणे किती हसले होते."

"पाहुणे हसले," हेमा म्हणाली आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी डबा काचेच्या कपाटात गेला, किल्ली हेमाच्या पर्समध्ये. नेट तरी अडखळलं. मग तिला मुरलीच्या फोनचा संशय आला. फोनवरून काही कळ दाबत असतील. मुरली फोन घरी ठेवून दुकानात जायला लागला. आता बिनफोनचा माणूस म्हणजे रस्त्यावर जवळपास नसलेलाच माणूस. रिक्षा थांबेना, दुकानाचं शटर ओळख देईना, चहावाला पैसे कसे घेणार म्हणून चहा देईना. एवढं करूनही नेट अडखळलंच. हेमा म्हणाली, "दुकानात दुसरा फोन असेल."

आयुष्यात पहिल्यांदाच मुरलीनं काही केलं नव्हतं, आणि ते पटवून द्यायची काही सोयच नव्हती. जगाला इतकी वर्षं फसवल्यावर खरं बोलण्याची त्याला सवयही राहिली नव्हती. खरं बोलतानाही त्याचा चेहरा थाप मारल्यासारखाच दिसायचा.

मग तोही उलटला. "मला वाटतं तुलाच कंटाळा आलाय वर्गांचा. स्वतःच बंद करतेस आणि नाव माझं."

हे बोलायला नको होतं. त्या संध्याकाळपासून घरात भांड्यांचाच आवाज.

हेमा कंपनीला वरचेवर फोन करत होतीच. त्या दिवशी तिनं पुन्हा लावला. तिकडे माणूस नसतोच, "झुळूकताई" नावाचा यंत्राचा आवाज असतो, मधात बुडवलेला.

"ताई, माझं नेट वर्गाच्या वेळी थांबतं," हेमा म्हणाली. "जरा बघाल का? घाई नाही तशी, पण बघा."

"आपल्या आवाजातलं समाधान आम्ही नोंदवलं आहे," झुळूकताई म्हणाली. "आपली तक्रार मिटली. धन्यवाद."

"अहो, मिटली नाही."

"आपण इतक्या छान बोलता. आपला दिवस शुभ जावो."

मुरली दारात उभं राहून ऐकत होता. त्यानं फोन हिसकावला, परत लावला, आणि झुळूकताईला मांडवाच्या पोरांना देतात तशा चार शिव्या दिल्या. अर्ध्या तासात कंपनीचा माणूस दारात. मुरलीच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी खटकलं. हेमा सोळा दिवस गोड बोलत होती, कुणी आलं नाही. मी एकदा बोंबललो, आणि हा धावत आला?

आलेल्या मुलाचं नाव अन्सार. दारात बूट काढून आत आला, डबा बघितला, टॅबवर काही तपासलं, गालात हसला आणि म्हणाला, "काका, डबा एकदम ओके."

"बस, चहा घे. बायको भाजी आणायला गेलीय, मीच टाकतो."

चहा पिऊन अन्सार निघाला तर दारात एकच बूट.

"काका, माझा दुसरा बूट?"

"मिळेल. आधी टॅबवर काय बघितलंस ते सांग. घराचं नाव बघून हसलास तू."

"कंपनीचं आहे ते, सांगता येत नाही. काका, अजून सहा घरं आहेत मला."

"मग एका बुटात जा. लंगडी घालत जा. सातपूर तेवढंच हसेल."

अन्सार घायकुतीला आला. त्यानं टॅब वळवून दाखवला. बोराडेंच्या घरापुढे एकच शब्द होता: सोशिक. आणि त्याखाली लहान अक्षरांत: 'पुरुष घरात असताना, चिडके.'

मग त्यानं जे सांगितलं ते असं. नेटच्या लहरी डब्यातून निघतात, भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून परत येतात. श्वास घेताना माणसाची छाती जेमतेम नखभर हलते, पण तेवढ्यानंही परतणारी लहर बदलते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना जुनीच माहीत होती. भिंतीपलीकडच्या माणसाचे श्वास मोजून दाखवले होते त्यांनी. घरातलं म्हातारं माणूस पडलं तर लगेच कळावं, म्हणून ही सोय डब्यात आली. डबा बसवताना सगळ्यांनी "मान्य" दाबलं होतं, न वाचता, जसं सगळेच दाबतात.

मुरलीला ते चटकन कळलं. रिकाम्या कार्यालयात साउंड लावला की आवाज घुमतो, पंगत बसली की तोच आवाज माणसं पिऊन टाकतात. डोळे मिटूनही तो सांगायचा हॉल किती भरलाय. डबा तेच करत होता, फक्त फार बारीक कानानं.

पुढचं खरं गमतीचं. आयोग कंपनीला दंड करायचा तो तक्रारी मोजून. नेट किती चालतं हे कुणी मोजतच नव्हतं. मग कंपनीनं डब्याला एवढंच शिकवलं की तक्रारी कमी झाल्या पाहिजेत. बाकीचं तो आपलं आपण शिकला. श्वास जलद आणि तुटक व्हायला लागले, म्हणजे माणूस आता फोन उचलणार. लगेच तिकडे नेट सोड. श्वास संथ, म्हणजे हे घर सोसतंय; तिकडचं काढून घे. नेट सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. ते कुठून कापायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, डब्यानंच ओळखलं की शांत माणसाकडून कापलं तर काही होत नाही.

"आणि मी चिडका?" मुरली म्हणाला. "मी तर दिवसभर हसतो."

"डब्याला काय कळतं काका? हसताना पण श्वास तसाच तुटतो. वर तुम्ही जिने चढून धापा टाकता. त्याला वाटतं, हा माणूस आता पेटला."

मुरलीनं फ्रिजमधून बूट काढून दिला.

हेमा आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, हातवारे करून, दम लागेपर्यंत. तिनं भाजीची पिशवी रिकामी केली.

"श्वास मोजतो," ती म्हणाली. "डबा."

"आईशपथ."

"वॉशिंग मशीन बोललं तेव्हाही आईशपथच घेतली होती तुम्ही. म्हणाला होतात, कंपनीकडूनच तसं आलंय."

"बरं, नको ठेवूस विश्वास. एकदा करून बघ. वर्गाच्या आधी मनापासून चीड. माझ्यावर चीड, सोपं आहे."

हेमा त्याच्याकडे बघत राहिली. "समजा, तुम्ही म्हणता ते खरं असलं. तरी मी रोज चिडायचं? पोरांना सूर शिकवायच्या आधी डोकं तापवून घ्यायचं, कशासाठी, तर डब्याला बरं वाटावं म्हणून? मला नाही जमणार. आणि जमलं तर मी शिकवणार काय?"

मुरलीनं विचार केला, स्वतः समोर बसावं तर वर्गात ना हसता येणार ना जिने चढता येणार, डबा त्यालाही सोशिकच ठरवायचा. पण युक्ती होती. सोसायटीत सगळ्यात झकास नेट कुणाचं? कोठुळेंचं. मग भाड्यानं राग आणू.

पुढच्या वर्गाआधी चाचणी ठरली. हेमा जळगावच्या भाचीची उजळणी घेणार होती. तो नोंदणीतला वर्ग नव्हता, तुटला तरी चालणार होतं. पैज तेवढ्यापुरती बाजूला ठेवून कोठुळेंना विनंती केली. ते आले, डब्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि महापालिका, दूधवाला, जावई अशा क्रमानं सुरू झाले. डबा हिरवा. मुरली निश्चिंत होऊन दुकानात गेला.

परत आला तेव्हा हेमा पेटी बंद करून बसली होती.

"थांबलं," ती म्हणाली. "दहा मिनिटांत. कोठुळेभाऊजी समोर असताना. म्हणजे तुमचं शास्त्रही खोटं."

मुरलीनं खाली जाऊन कोठुळेंना गाठलं. "तुम्ही चिडला होतात ना?"

"पूर्ण वेळ," कोठुळे म्हणाले. पण नजर चपलांकडे.

"खरं सांगा."

"सांगितलं ना, पेटलेलो होतो नुसता. मी काय कधी शांत बसलोय का जन्मात?"

खरी गोष्ट अशी की हेमानं भूप धरला आणि कोठुळे विरघळले होते. जावयाचं नावही आठवेना त्यांना. पण हे कबूल केलं तर सोसायटीत त्यांची काय पत राहिली असती? त्या एका खोट्यापायी मुरलीचं उरलंसुरलं खरंही वाहून गेलं.

रात्री विषय नको म्हणून हेमा थांबली आणि सकाळी बोलली. "आज दुपारी वर्ग आहे. तो तुटला की संपलं. तुम्ही जर काही करत असाल, तर आत्ता सांगा. मी कोठुळेभाऊजींना सांगेन की तुम्हीच जिंकलात. मला वाद नको, वर्ग हवाय."

चाळीस जणांच्या बँडला गप्प करणारा माणूस, आज हळू आवाजात बोलला.

"हेमा, मी काही करत नाहीये."

"मग काय करायचं?"

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या रस्त्यावर एक माणूस झुळूकच्या सेवा केंद्राकडे चालला होता, हातात डबा, मानेची शीर टरारलेली. त्यामागे दुसरा. मुरली त्यांच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या मिशीखाली जुनं हसू यायला लागलं.

"शहरात सगळ्यात चिडकी माणसं कुठे असतात, सांग बरं."

"कुठे?"

"कंपनीच्याच हॉलमध्ये. टोकन घेऊन. तिथलं नेट कधी थांबेल का? वर्ग तिथे घे."

हेमाला हसू आलं नाही, पण तिनं नाही म्हटलं नाही. दुसरा रस्ताच नव्हता. "एका अटीवर. तुमचा फोन माझ्या पर्समध्ये. आणि तुम्ही माझ्यासमोर बसायचं. दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

दुपारी बोराडे नवरा-बायको, खांद्यावर पेटी, आणि पैजेचा पंच म्हणून कोठुळे, असे तिघं झुळूकच्या केंद्रात पोचले. हॉल खचाखच. साठेक माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर आठी. काउंटरवरची मुलं मान वर करायला तयार नाहीत. हवाच तापलेली होती. भिंतीवर आयोगाच्या नियमांची पाटी, आणि शेजारी मोठा डबा, हिरवागार.

हेमानं कोपऱ्यातल्या बाकावर पेटी मांडली. मॅनेजर धावत आला, टाय सावरत. "मॅडम, इथे कार्यक्रम करता येणार नाही."

"कार्यक्रम कुठला? टोकन घेतलंय," मुरली म्हणाला. "एकशे अकरा नंबर. चाललाय पन्नास. तोवर माणसानं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

रांगेतले चार जण एकदम मॅनेजरकडे वळले. त्यानं काढता पाय घेतला.

वर्ग सुरू झाला. काय नेट होतं. डब्लिनच्या पोराच्या नाकावरचा तीळ दिसत होता. हेमानं सा धरला, पोरांनी धरला, सात देशांतून एक सूर आला आणि कुठेही अडखळला नाही. मुरली समोर बसला होता, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं तिचा एकही वर्ग पूर्ण ऐकला नव्हता. ती चुकलेल्या पोराला थांबवत नव्हती. त्याच्या चुकीपाशी आपला सूर नेऊन ठेवायची, आणि पोर आपलं आपण वाटेवर यायचं.

मागे कुणीतरी काउंटरवर आदळआपट करत होता, तो थांबला. एका बाईनं मोबाइल खाली ठेवला. रांगेतली माणसं एकेक करून बाकांवर, पायऱ्यांवर, जमिनीवर टेकली. मुरलीच्या ध्यानात आलं तेव्हा हॉल निवत आला होता. आता उठून काहीतरी उचापत करायला हवी, काउंटर बंद झाला म्हणून आरोळी ठोकायला हवी, असं त्याच्या मनात आलं. पण हात गुडघ्यांवर ठेवायचे होते. आणि खरं सांगायचं तर उठावंसंच वाटेना. त्याचाही श्वास संथ झाला होता.

डबा पिवळा झाला. मग लाल.

डब्लिनचा पोरगा तोंड उघडं ठेवून गोठला. त्याच क्षणी सगळ्या काउंटरचे पडदेही गोठले. हॉलभर शांतता.

हेमानं पडद्याकडे बघितलंच नाही. ती मुरलीच्या हातांकडे बघत होती. दोन्ही पंजे गुडघ्यांवर, बोटं पसरलेली. फोन तिच्या पर्समध्ये. त्याचा चेहरा पांढराफटक. थाप मारताना असतो तसा नव्हता.

"तुम्ही नव्हतात," ती हळूच म्हणाली.

"तुझा वर्ग तुटला," तो म्हणाला. त्याला तेवढंच दिसत होतं.

मॅनेजर ओरडत बाहेर आला, "काय झालं? आपल्याच केंद्रात कसं बंद पडतं?"

कोपऱ्यात अन्सार टॅब घेऊन उभा होता. तो भर हॉलमध्ये बोलून गेला, "सर, हॉल सोशिक झाला. डब्यानं इथलं नेट काढून दुसरीकडे दिलं."

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं. अन्सारनं एकदा मॅनेजरकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि सगळं सांगून टाकलं, बूट सोडून.

कोठुळे उठले. "मी पण सांगतो. काल वहिनींसमोर मी शांत झालो होतो. पूर्ण. खोटं बोललो." मग मॅनेजरकडे वळून कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "आणि हे वाचा, तुमच्याच भिंतीवर आयोगानं लावलंय. खोळंबा कंपनीच्या जागेत झाला, तर तो कंपनीच्या नावावर. बाईंच्या नाही. लिहा तुमच्या नावावर. आत्ता. साठ साक्षीदार आहेत."

मॅनेजरनं कुणाची तरी मदत मिळते का बघितलं. ती मिळण्यासारखी नव्हती. त्यानं लिहिलं.

हेमानं सुटकेचा श्वास टाकला. कोठुळे मात्र अजून उभेच होते.

"मुरली."

"काय?"

"नेट थांबलं. तुझ्या डोळ्यांदेखत."

मुरलीनं लाल डब्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. पैज हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस सातपूरनं बघितला नव्हता. त्यानं चपला काढल्या, शर्ट खोचला, पोट आत घ्यायचा प्रयत्न केला, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि कान धरले.

पहिल्या उठाबशीला गुडघा वाजला, तो शेवटच्या रांगेत ऐकू गेला. दुसरीला तो खाली बसला आणि वर येईना, तर दोघांनी काखेत धरून उभा केला. कुणीतरी फिसकन हसलं. मग बाई हसली, काउंटरवरची मुलं हसली, अन्सारनं टॅबमागे तोंड लपवलं. हेमानं पेटीवर प्रत्येक उठाबशीला एक सूर द्यायला घेतला, खाली गेला की खालचा, वर आला की वरचा, आणि अख्खा हॉल पोट धरून हसायला लागला, श्वास तुटेपर्यंत.

डबा हिरवा झाला.

पडदा हलला. डब्लिनच्या पोराचं तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं. "टीचर, हे अंकल काय करतायत?" दुबईची पोरगी पडद्याला नाक लावून बघत होती. न्यूझीलंडवालीनं मोजायला सुरुवात केली, आणि सातही देश मोजायला लागले, मोडक्यातोडक्या मराठीत.

मुरली धापा टाकत थांबला. "बास आता, हेमा. गुडघे गेले."

हेमानं डब्याकडे एक नजर टाकली. डोळे पुसले, हसण्यानं भरलेले की कशानं, ते तिनं सांगितलं नाही.

"काढा अजून," ती म्हणाली. "वर्ग संपायला वीस मिनिटं आहेत."